सुपारी देत नाही म्हणा

आमच्या घरी चार घोडे आहेत आणि एकही माझ्या कमरेच्या वर जात नाही. नव्या माणसाला वाटतं, बाई थट्टा करते. मग तो गोठ्यात डोकावतो आणि हसत सुटतो. त्याच्या हसण्याला उत्तर मलाच द्यावं लागतं, कारण घोडे आणणारा माणूस अशा वेळी हमखास वावरात असतो. घोड्यांची नावं लवंग, विलायची, जायफळ आणि सुपारी. गावानं आमच्या गोठ्याला पानठेला असं नाव ठेवलंय. "बेबीताई, पानठेला उघडला का?" असं किराणा दुकानवाली नलू रोज सकाळी रस्त्यापलीकडून ओरडते आणि मी रोज ऐकून घेते.

हे सगळं आमच्या बबनरावांचं कर्तृत्व. नेरपासून दोन कोसांवर आमचं गाव. घरची कपाशी, थोडी तूर, विहिरीवर मोटर. नवरा दारू पीत नाही, पत्ते खेळत नाही, कुणाशी भांडत नाही. माझ्या बहिणी म्हणतात, तुझं नशीब मोठं. नशीब मोठं आहे खरं, घोडे तेवढे लहान आहेत.

सुरुवात झाली ती पहिल्या सुपारीपासून. नजीरभाई तेव्हा नेरच्या बसस्टँडवर टांगा चालवायचे. ऑटो आले आणि टांगा बसला. टांग्याची तट्टाणी होती भाजक्या सुपारीच्या रंगाची, पोटानं गोल, उंचीनं बुटकी. वरातीला तिला कोण नेणार? नवरदेवाचे पाय जमिनीला लागले असते. आमचे हे त्या दिवशी मोटरीचा पट्टा आणायला नेरला गेले होते. संध्याकाळी आले ते तट्टू घेऊन.

"पट्टा कुठी हाय?" मी विचारलं.

"पट्टा उद्या आणू ना व," ते म्हणाले. "हिच्या डोळ्याइकडं तं पाह्य."

पट्टा यायला आठवडा लागला आणि तोवर माझी मिरचीची रोपं वाळून गेली. पण खोटं कशाला बोलू, ते तट्टू गुणाचं होतं. आमची निशिगंधा तेव्हा जेमतेम पहिलीत होती. ती ओट्यावर उभी राहिली की सुपारी आपणहून ओट्याला येऊन लागायची. कुणी उचलून बसवायला लागत नसे. निशू तिच्यावर बसून शाळेत जायची आणि हे बाजूनं चालायचे, हातात तिचं दप्तर. शाळेच्या फाटकापाशी सुपारी उभी राहायची, निशू उतरायची, आणि हे दोघं तट्टू-माणूस परत यायचे. पावसात चिखल झाला तरी, पेरणीचे दिवस असले तरी. सालदार गडी वाट बघत बसायचा आणि मालक शाळेच्या रस्त्यावर.

पुढे निशू नेरच्या मोठ्या शाळेत जायला लागली, सायकल आली, तट्टावर बसायची तिला लाज वाटायला लागली. सुपारी म्हातारी झाली आणि एका उन्हाळ्यात गेली. यांनी वावरात खड्डा केला, घरी येऊन डोकं भादरलं आणि दोन दिवस जेवले नाहीत. माझ्या आईच्या तेरवीला यांना फवारणीचं काम निघालं होतं, ते मी विसरलेले नाही.

त्यानंतर यांना आवर राहिला नाही. नजीरभाईंनी टांगा मोडून काळीपिवळी जीप घेतली होती आणि त्यांचं गावोगाव जाणं असे. धनगरांचा तांडा कुठे उतरलाय, त्यांच्याकडे ठेंगणी तट्टं आहेत का, हे ते यांना सांगायचे. लवंग आली तेव्हा पहिल्या सुपारीपेक्षा बोटभर कमी होती. विलायची आली तेव्हा लवंगेपेक्षा कमी. जायफळ तर असा, की पाहुण्यांची लेकरं त्याला कुत्रा समजून "छू छू" करायची. यांचं मात्र समाधान नाही. मांडीला हात लावून उंची दाखवायचे, "इथलोक पाह्यजे."

शेवटी नजीरभाईच वैतागले. "बबनभाऊ, इससे छोटा मिला ना, तो वो बकरी रहेगा," म्हणाले. यांनी ते हसून घेतलं आणि तरी लहानच शोधत राहिले.

या घोड्यांचा उपयोग विचाराल, तर काही नाही. नांगराला नाही, गाडीला नाही, वरातीला नाही. आपण म्हणतो ना, असून अडचण, नसून खोळंबा. इथे नसून खोळंबाही नाही, नुसती अडचण. लीद मात्र मोठ्या घोड्याइतकी, आणि ती काढायची मी.

आणि दिवस तरी कसले होते! कापसाला भाव नव्हता. खरेदी केंद्रावर गाड्यांच्या रांगा, आत जावं तर 'ओला आहे' म्हणून परत. आज वाढेल, उद्या वाढेल म्हणून लोकांनी कापूस घरात भरून ठेवला होता. आमची समोरची खोली आढ्यापर्यंत कापसाची. अंगाला खाज, लुगड्याला बोंडाचा कचरा, रात्री कूस बदलली की सरकी टोचायची. लांबलांबून गाड्या यायच्या, कॅमेरे घेऊन माणसं उतरायची, शेतकऱ्यांची हालहवाल विचारायची. आमच्या दारी आलेल्या साहेबाला यांनी गोठ्यात नेलं आणि तासभर लवंगेची वंशावळ सांगितली. पुढे सरकारी गायी वाटायचं निघालं. गाव रांगेत उभं राहिलं. यांनी साहेबाला विचारलं, "सायेब, गाईच्या बदल्यात बुटकी घोडी नाही भेटत काय?" गाव अजून ते सांगून हसतं. आम्हाला गायही मिळाली नाही.

त्या वर्षांत गावोगावच्या पोरींनी एकच धरलं होतं, नवरा कापूसवाला नको. आमची निशू डी.एड. झालेली. चार स्थळं आली, चौघांना तिनं नाही म्हटलं, आणि मी तिला काही बोलले नाही, कारण तिचं खरं होतं. मग कळंबच्या शेषरावांचा नयन आला. वणीला कोळशाच्या खाणीत नोकरी, बोलायला हळू, आणि बघायच्या कार्यक्रमात त्यानं तिला 'तुम्हाले काय काय शिकवायले आवडते?' असं विचारलं. स्वयंपाक येतो का, हे त्यानं विचारलं नाही. संध्याकाळी निशू माझ्याजवळ येऊन बसली, तांदूळ निवडल्यासारखं केलं आणि म्हणाली, "आई, हाव म्हण." माझ्या पोरीनं आयुष्यात काही मागितलं असेल तर तेवढंच. मी त्या रात्री देवापुढे दोन वाती जास्त लावल्या.

आता मुलगी बघायला आलेली माणसं कुणी गोठ्यात बसवतं का? पण समोरच्या खोलीत कापूस, म्हणून सतरंजी अंगणात कडुनिंबाखाली टाकली होती आणि तिथून गोठा चार पावलांवर. विलायचीला तेव्हा नुकतंच शिंगरू झालं होतं. मांजरीहून थोडं मोठं, रंग जुन्या सुपारीचाच, म्हणून यांनी नावही तेच ठेवलं. शेषराव एस.टी.तले जुने कंडक्टर, आवाज मोठा, मिशा मोठ्या. त्यांनी ते शिंगरू उचलून मांडीवर घेतलं आणि खदखदून हसले. "बबनराव, पोरीसंगं हेबी देऊन द्या आंदण!"

सगळे हसले. हे नाही हसले. मला तेव्हाच राग आला, की पाहुण्यांसमोर घोड्यावरून तोंड काय पाडायचं.

आमच्याकडे पसंती झाली की दोन्हीकडची माणसं बसतात आणि सुपारी फोडतात. सुपारी फुटली की शब्द पक्का, मागे फिरणं नाही. ती फुटेपर्यंत मात्र काही खरं नसतं. कळंबहून निरोप यायचा होता आणि गावात फोन एकच, नलूच्या दुकानात. मी दिवसभर कान त्या दुकानाकडे लावून बसायची. नेमकी ज्या दिवशी मी बाजाराला नेरला गेले, त्या दिवशी फोन आला.

मला त्यातलं काही कळलं नाही. हे एवढंच म्हणाले, "रविवारी येतो म्हणतात." मी रविवारी पहाटेपासून पुरण शिजवलं, वडे तळले, निशूला माझी हिरवी पैठणी नेसवली. अकरा वाजले, बारा वाजले. कडुनिंबाखाली सतरंजी तशीच पडून. दोन वाजता पोरीनं पैठणी सोडली आणि घडी करून कपाटात ठेवली.

मी नलूच्या दुकानात गेले आणि कळंबला फोन लावला. नयनच्या आईनं उचलला. "आमाले काय विचारता बाई," ती म्हणाली, "तुमीच तं नाही म्हटलं." आणि ठेवला.

मी नलूकडे वळले. "काय निरोप होता त्या दिवशी?"

"कळंबवाले म्हणे, रविवारी सुपारीले येतो, म्हून सांगजा," नलू म्हणाली. "मी इथूनच वरडून बबनभाऊले सांगतलं. ते घोड्याले खरारा करून राह्यले होते."

"मंग?"

"मंग ते म्हणे, सुपारी देत नाही म्हणा. मी तसंच सांगतलं फोनवर."

"अन् तुले काही वाटलं नाही का व नलू?"

"मोठ्या माणसाइचं बोलणं, मी कायले मधात पडू?"

एरवी हीच नलू सांगितलेल्या एका गोष्टीच्या चार करते. ध चा मा करण्यात तिचा हात कुणी धरणार नाही. त्या दिवशी मात्र तिनं शब्द न शब्द जसाच्या तसा पोचवला.

घरी आले तेव्हा हे गोठ्यातच होते. धाकटी सुपारी यांच्या बंडीचं बटण चघळत होती.

"तुम्ही नलूले काय म्हटलं?"

"सुपारी मांगून राह्यले होते ते."

"कोन्ती सुपारी?"

यांनी हनुवटीनं शिंगराकडे दाखवलं. "त्या दिवशी नवता का शेषराव म्हणत, हेबी द्या म्हून? मले काय मालूम, लग्नाची होय का घोड्याची होय."

मला एवढा संताप आला, की समोर खरारा पडला होता तोच उचलून मी भिंतीवर फेकला. पण विश्वास ठेवला. का नाही ठेवणार? ज्या माणसानं गाईच्या बदल्यात घोडी मागितली, त्याला सुपारी म्हटल्यावर दुसरं काय आठवणार? निशू दारात उभी होती. ती बापावर ओरडली नाही. "मले तो पोरगा पसंत होता, बाबा," एवढंच म्हणाली. 'होता' म्हणाली. मला तो शब्द जिव्हारी लागला.

दुसऱ्या दिवशी मी नजीरभाईंची काळीपिवळी सांगितली. जाऊन समजावून सांगायचं, दुसरा इलाज नव्हता. निघताना बघते तर हे सुपारीला कडेवर घेऊन उभे.

"हे कायले?"

"पुरावा पाह्यजे ना," ते म्हणाले. "शेषराव पाह्यन, हासन, झालं."

आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. यवतमाळपर्यंत ते शिंगरू माझ्या पायांवर बसून होतं. नजीरभाईंनी सवयीनं वाटेत दोन बायका बसवल्या. त्यातली एक विचारते, "कायचं पिल्लू होय व बाई?" मी खिडकीबाहेर बघत राहिले. "घोडी है. दूर बैठो, लाथ मारती," नजीरभाईंनीच सांगून टाकलं. मी वाटभर मनात वाक्यं जुळवत होते. शेषरावांना काय म्हणायचं, नयनच्या आईला काय, आणि यांना किती बोलू द्यायचं. यांना शक्यतो काहीच बोलू द्यायचं नाही, असं ठरवलं. कळंबला चिंतामणीच्या देवळाच्या वळणावर मी हात जोडले.

शेषराव ओसरीत बसले होते. 'या' म्हणाले नाहीत, जा म्हणाले नाहीत. नयनची आई दाराआड. घरातली एक म्हातारी आत्याबाई जात्यापाशी, आणि दोघे शेजारी, ज्यांना नेमकं अशाच वेळी काम नसतं. मी पदर सावरून सगळं सांगितलं. निरोप कसा आला, नलू कशी ओरडली, हे कसे खरारा करत होते. मग शिंगराच्या पाठीवर हात ठेवून म्हटलं, "हे होय सुपारी. हिचं नाव सुपारी. त्याइले वाटलं, तुम्ही इले न्यायले येऊन राह्यले."

शेषरावांच्या मिशा आधी हलल्या. मग पोट. मग त्यांचं ते खदखदणं ओसरीभर झालं. "मी पोरगी मांगून राह्यलो, अन् याइले वाटलं घोडी मांगून राह्यला!" शेजारी हसले, दाराआड नयनची आई तोंडावर पदर धरून हसली. माझ्या अंगावरचा कालपासूनचा भार उतरला.

"जाऊ द्या," शेषराव डोळे पुसत म्हणाले. "समजण्यात चूक झाली, होते असं. बबनराव, समजलंच नवतं ना तुमाले?"

फक्त नाही म्हणायचं होतं. मानेनं म्हटलं असतं तरी चाललं असतं. मी यांना कोपरानं ढोसलंसुद्धा.

"समजलं होतं," हे म्हणाले.

ओसरीतलं हसू थांबलं. मला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

"नलूनं वरडून सांगतलं तवाच समजलं," हे खाली बघून बोलत होते. "लग्नाची सुपारी, ते मले समजते. पण एक डाव हाव म्हटलं का मंग मांगं फिरता येत नाही. म्हून नाही म्हटलं. घोडीचं नाव तोंडात होतं, ते पुढं केलं. घरी सांगायची हिंमत नाही झाली, म्हून रविवारी येतो एवढंच म्हटलं."

"काहून पण?" शेषरावांचा आवाज आता लहान झाला होता. "पोट्ट्यात काही खोट दिसली काय?"

"नाही ना बा. पोट्टा चांगलाच हाय." यांनी शिंगराला जवळ ओढलं. "आमची पोट्टी एवढीशी होती. तट्टावर बसून शाळेत जाये, मी बाजूनं चालो. मंग ते सायकलवर गेली. मंग तट्टू मेलं. मी दुसरं आणलं, तं ते मोठं वाटे. मंग त्याच्याहून लहान आणलं. लहान घोडं पाह्यलं का मले वाटे, पोट्टी आताच येते घरातून, अन् चढून बसते." मग म्हणाले, "द्यायले जीव होत नाही, शेषराव."

लोकांना वाटेल, मला तिथे रडू आलं असेल. मला राग आला. निशू वाढत गेली तशी घोडी लहान होत गेली, आणि इतकी वर्षं त्याच घरात राहून मला वाटत राहिलं की माझ्या नवऱ्याला घोड्यांचं वेड आहे. गावाचं हसणं मी झेललं, लीद मी काढली, आणि हा माणूस मनातलं सांगायला कळंबला, चार परक्यांपुढे आला. घरी सांगता येत नव्हतं? मी काय कान मुंबईला ठेवून आले होते?

शेषरावांनी मिशीवरून हात फिरवला. त्यांच्या दोन्ही पोरी दिलेल्या, एक थेट गडचिरोलीला. "मंग आता काय म्हणता?" त्यांनी विचारलं. "नाही म्हणता?"

"नाही नाही म्हणत. तिनं मले सांगतलं, पोरगा पसंत होता म्हून. तिचं 'होता' मले निजू देत नाही." यांनी डोळे पुसले ते शिंगराच्याच मानेला. "माह्या जिवाचं काय घेऊन बसले, तो कधीच व्हायचा नाही."

शेषरावांनी आत बघून हाक मारली, "आण व ताट."

नयनच्या आईनं ताट आणलं. हळदकुंकू, पानं, एक सुपारी आणि अडकित्ता. आधी मुलीच्या बापानं हात लावायचा, अशी रीत. यांनी सुपारी अडकित्त्यात धरली, दाबली, आणि ती निसटून ओसरीभर गेली. शेजाऱ्यानं उचलून दिली. पुन्हा निसटली. कुणी हसलं नाही. सगळे यांच्याकडे मायेनं बघत होते. नयनच्या आईच्या डोळ्यांत पाणी, शेषराव यांच्या खांद्यावर हात ठेवून, "होते, बबनराव, बापाचं असंच होते."

बापाचं! नऊ महिने पोटात मी वागवली. गोवर आला तेव्हा सात रात्री मांडीवर मी घेऊन बसले. तिच्या वेणीत रोज माझे हात. त्या पोरीला द्यायला माझा जीव होतो का, हे नेरपासून कळंबपर्यंत एकाही माणसाला विचारावंसं वाटलं नव्हतं. मलासुद्धा वाटलं नव्हतं. पैठणी काढ, पुरण शिजव, फोन कर, गाडी सांग, माफी माग, यात मला तेवढी सवड कुठे होती?

मी यांच्या हातातून अडकित्ता घेतला.

"बाईमाणसानं नाही फोडत व," जात्यापाशी बसलेली आत्याबाई म्हणाली.

"मंग तुम्ही फोडून घ्या त्याइच्याकून," मी म्हटलं.

सुपारी जुनी होती, कठीण होती. मी गुडघ्यावर ताट टेकवलं आणि दोन्ही हातांनी जोर दिला. फुटली.

हे माझ्याकडे बघत होते. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण असं बघितलेलं मला आठवत नाही. मग शेजाऱ्यांसमोरच, हळू आवाजात विचारलं, "तुहा तरी जीव होते का व?"

"नाही," मी म्हटलं आणि अर्धी सुपारी शेषरावांच्या हातावर ठेवली.